निळ्या पाकिटावरचं अक्षर

माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. बहीण बावीसची, मी एकोणतीसची. धाकटी आधी आणि थोरली तशीच, म्हटल्यावर लोकांच्या तोंडाला काम मिळालं. "आता हिचं काय करायचं?" असं ते मामाला विचारायचे, मी समोर मशीनवर बसलेली असताना. जणू मी कुणीतरी मापात बसवायला टाकून गेलेली पँट होते.

मामाचं शिवणाचं दुकान होतं. आई-वडील लवकर गेले, तेव्हा मामाने आम्हा दोघींना वाढवलं. मी नवव्या वर्षी मशीनवर बसले, म्हणून धाकटी शाळेत बसू शकली. मला आकडे यायचे, कारण टेपवर आकडेच असतात. अक्षर एकही येत नव्हतं. गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या मामा वाचून दाखवायचा आणि मी त्या डोक्यात ठेवायची. गिऱ्हाइकांना हे माहीत नव्हतं. कळू नये, याची मी फार काळजी घ्यायची.

एका शनिवारी दुपारी पाऊस भुरभुरत होता. दारातला उजेड अचानक गेला. वर पाहिलं तर दारात एक माणूस उभा होता... दाराएवढाच. तो अंग तिरपं करून आत आला. दोन्ही कान चेपून गाठोडी झालेले, नाक एकदा डावीकडे आणि मग विचार बदलून उजवीकडे गेलेलं. हातात मात्र एक कापड होतं, लहान मुलाला धरावं तसं धरलेलं.

"इथे फाटलेलं शिवतात का?"

"न फाटलेलंही शिवतात," मी म्हटलं. "दाखवा."

ती एक जाड जर्सी होती. पाठीवर मोठा आकडा, एक. डाव्या काखेखाली शिवण वीतभर उघडी होती.

"फाटलेली नाही ही. उसवलीय," मी म्हटलं. "कुणीतरी मुठीत धरून ओढलीय. कोण हा राक्षस?"

"मी," तो म्हणाला.

"स्वतःची जर्सी स्वतःच?"

"ही माझी नाही, समोरच्याची. सामना संपला की समोरासमोर खेळलेले दोघं जर्सी बदलतात. माझी त्याच्या घरी जाते, त्याची माझ्या."

"म्हणजे दोन तास ज्याला झोडपायचं, त्याचेच घामाचे कपडे घरी न्यायचे?"

"दोन तास नाही. ऐंशी मिनिटं."

मला हसू आलं. त्यालाही आलं, आणि समोरचे दोन दात नाहीत हे दिसलं. मामा कोपऱ्यातून म्हणाला, "अगं, हे टेकू आहेत. देशाकडून रग्बी खेळलेत. फोटो यायचा पेपरात."

त्याच्या खेळात दोन्हीकडची आठ-आठ माणसं डोकी खाली घालून, खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटतात. त्याला स्क्रम म्हणतात. पुढच्या रांगेत दोन कडांना दोघं असतात, सगळा भार त्यांच्या मानेवर. ते टेकू. हा उजवीकडचा, पाठीवर तीनचा आकडा; त्याच्यासमोर येणाऱ्याच्या पाठीवर नेहमी एक. समोरच्याला डाव्या कुशीत मुठीने धरायचं आणि पाय रोवायचे, एवढंच आपल्याला आयुष्यात नीट आलं, असं तो म्हणायचा. त्यामुळे गावभर त्याला टेकूच म्हणत. आता तो घरसामान हलवणाऱ्यांकडे कामाला होता. देशासाठी रेटून झालं होतं, आता लोकांची कपाटं रेटत होता.

"अशा किती आहेत?" मी विचारलं.

"अकरा. जुन्या क्लबात काचेच्या कपाटात लावायच्या म्हणतात."

"आणि सामने किती खेळलात?"

त्याने जर्सीची बाही सरळ केली. "बारा."

"मग बारावी?"

"ती शिवायची नाही," तो म्हणाला, आणि अंग तिरपं करून निघून गेला.

पुढच्या वेळी तो सगळ्या एकदम आणेल असं मला वाटलं होतं. त्याने एकच आणली. मग मीही अर्ध्या तासाच्या कामाला दोन आठवडे लावायला लागले. दर शनिवारी तो 'झाली का' म्हणून यायचा, मी 'अजून नाही' म्हणायची, आणि तो स्टुलावर बसायचा. स्टूल बिचारं कुरकुरायचं.

मामा म्हणायचा, "हा माणूस तीन माणसांचं कपाट एका दमात उचलतो. पण जर्सी एका खेपेला एकच. आणि आमची भाची दिवसाला चार ब्लाउज उडवते, तिला एक शिवण पंधरा दिवस पुरते. दोघांनाही डॉक्टरला दाखवलं पाहिजे."

"मामा, दोरा जुळत नाही," मी म्हणायची.

"दोराच ना..." म्हणत मामा कात्रीला धार लावायचा.

चौथी जर्सी शिवत होते तेव्हाची गोष्ट. टेकूच्या कोटाचं बटण लोंबत होतं. "काढा, लावून देते," म्हटलं. कोट मांडीवर घेतला आणि आतल्या खिशातून एक निळं पाकीट घसरून खाली पडलं. मामाने उचललं, पाहिलं आणि परत देताना सहज बोलून गेला, "काय सुंदर अक्षर आहे हो. बाईमाणसाचं दिसतंय."

"हो," टेकू म्हणाला. "जुनी ओळख आहे."

बस्स. एवढंच. माणसाने 'चुलतबहीण आहे' म्हणावं, 'विम्याचं पत्र आहे' म्हणावं, काहीही म्हणावं. 'जुनी ओळख' म्हणू नये. माझ्या अंगात सुई शिरली आणि ती तुटून आतच राहिली.

मी बटण असं घट्ट लावलं की पुढे तो कोट फाटला, बटण निघालं नाही.

त्यानंतर मी लक्ष ठेवायला लागले. पाकीट दर महिन्याला नवं असायचं. निळंच. ते आलं की तो शनिवारी खिडकीतून बाहेर बघत बसायचा. मी त्या बाईला डोळ्यांसमोर आणायची. उंच असणार. शिकलेली तर होतीच. बोटांना सुईची भोकं नसणार. आणि मग मला ती बारावी जर्सी आठवली. बारावी तिच्याकडे असेल... नाही, तिच्याकडे त्याची स्वतःची असेल. अंगावर घालून झोपत असेल. हा विचार मी एका गिऱ्हाइकाच्या बाह्या कापताना केला आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या.

धाकटीला पत्र वाचायला सांगता आलं असतं. पण तिने वरातीतसुद्धा मला त्यावरून चिडवलं असतं. मामाला तर मेले तरी विचारलं नसतं. उरला एकच माणूस.

"मला वाचायला शिकवाल का?" मी टेकूला विचारलं. मान खाली, टाका चालू.

त्याने स्टूल पुढे ओढलं. मला वाटलं, आता हसणार.

"मी चौदाव्या वर्षापर्यंत धडपडत वाचायचो," तो म्हणाला. "पण मला शिकवता येईल की नाही... कशासाठी शिकायचंय?"

"गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या असतात," मी म्हटलं. आयुष्यात इतकं सरळ तोंडाने मी दुसरं खोटं बोललेली नाही.

मग शनिवारी दुपारी, मामा जेवून डुलकी काढत असताना, कापायच्या टेबलावर शिंप्याच्या खडूने अक्षरं उमटायला लागली. त्याच्या बोटांत खडू दिसायचाच नाही. वाटायचं, बोटातूनच अक्षर निघतंय. मी गिरवताना चुकले की तो माझा हात धरून वळवायचा नाही, नुसता जवळ आणायचा आणि थांबायचा. त्या थांबलेल्या हाताची ऊब माझ्या मनगटाला लागायची.

"हात धरलात तरी चालेल," मी एकदा म्हटलं. "गुरुजी धरतात."

"माझ्या हाताचं तुम्हाला माहीत आहे ना?" तो म्हणाला. "अकरा शिवणी उसवल्यात."

"ही शिवण पक्की आहे."

त्याचे ते चेपलेले कान लाल झाले. मी पाहिलं. आणि त्याच क्षणी मनात आलं, हे कान तिच्यासमोरही असेच लाल होत असतील.

शिकण्यात मी हुशार निघाले. मत्सरासारखा मास्तर नाही. चार महिन्यांत दुकानांच्या पाट्या वाचायला लागले, मग पेपरातले मोठे मथळे. टेकू खूश होता. मामाने तर डोळे पुसले. मी मात्र वाट बघत होते एकाच कागदाची.

बहिणीचं लग्न झालं. तिचं कपाट नव्या घरी तिसऱ्या मजल्यावर न्यायचं होतं, ते टेकूने आपल्या अंगावर घेतलं. अक्षरशः. पाठीला पट्टा लावून एकटाच चढत होता. मी पुढे, दारं उघडायला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तो थांबला.

"जड झालं का?"

"नाही. विचारायचं होतं." कपाटाखालून आवाज आला. चेहरा दिसत नव्हता, नुसते दोन हात आणि बूट. "अकरावी जर्सी तुमच्याकडे आली. कोटही अस्तराला दिलाय. आता आणायला काही उरलं नाही. तेव्हा मीच... म्हणजे मलाच ठेवून घेता का?"

असं विचारणारा माणूस, पाठीवर शिसवी कपाट घेऊन, मला दुसरा मिळणार नव्हता, हे मला तिथेच कळलं होतं. पण आतली सुई हलली.

"आधी निळ्या पाकिटाचं सांगा," मी म्हटलं.

त्या दोन हातांनी पट्टा सावरला. मग तो म्हणाला, "ते... माझं एकट्याचं नाही सांगायला."

"मग जिची पत्रं खिशात घेऊन फिरता, तिलाच विचारा की ठेवून घेते का."

वरून बहिणीने हाक मारली, "अगं, कपाट येतंय की नाही? का जिन्यातच संसार मांडला?"

टेकू कपाट घेऊन वर गेला. जागेवर लावलं, पायाखाली कागदाची घडी सरकवून डुगडुग थांबवली, आणि माझ्याकडे न बघता खाली उतरला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. स्टूल रिकामं होतं. मामा काही बोलला नाही. मामा बोलत नाही तेव्हा समजावं, फार बोलायचं आहे. तिसऱ्या शनिवारी मी त्याचा कोट अस्तरासाठी उसवायला घेतला, आणि आतल्या खिशात हाताला कागद लागला.

दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला अक्षरं यायच्या आधीपासून माहीत होतं. तरी वाचलं. दुकानाचं दार लोटून घेतलं, कापायच्या टेबलावर कागद पसरला आणि ओळीखाली बोट ठेवलं. सकाळी दहाला सुरू केलं ते दुपार टळेपर्यंत. अक्षर खरंच सुंदर होतं. प्रत्येक वेलांटीचा मला राग आला.

पत्र असं होतं:

"टेकू, मी बोलतोय आणि बायको लिहितेय. मी शिव्या देतो त्या ती गाळते, त्या तू आपल्या मनाने घाल. मान आहे तशीच आहे. हात हलत नाहीत, पण जीभ हलते, हे बायकोचं दुःख. चाळीस पत्रांत सांगितलं, आता एकेचाळिसाव्यात सांगतो. तो स्क्रम आपोआप कोसळला, तू पाडला नाहीस. तू मला धरून ठेवलं होतंस. तुझी मूठ शेवटपर्यंत सुटली नव्हती, ते मला आठवतंय. त्यानंतरचं काही आठवत नाही.

"आता कामाचं. त्या शिवणाऱ्या बाईबद्दल तू गेल्या खेपेला चार पानं लिहिलीस. त्याआधी तीन. मी इथे पडल्या-पडल्या तुझ्यावर जळतो. ऐंशी मिनिटं मला रेटताना तुझी छाती धडधडली नाही आणि तिला विचारताना धडधडते? विचार. नाही विचारलंस तर पुढचं पत्र येणार नाही."

खाली, थोड्या बारीक अक्षरात:

"भावजी, हे माझं मी लिहितेय, हे झोपलेत. यांनी दिलेली जर्सी त्या शिवणाऱ्या बाईंनाच दाखवा. सगळं सांगा. ज्या बाईला शिवता येतं, ती उसवलेलं बघून घाबरत नाही."

मी कागदाची घडी घातली. मोडलेली सुई आतून निघाली, पण निघताना जास्त दुखलं. ज्या बाईला मी चार महिने मनात शिव्या घालत होते, ती दूरच्या गावात नवऱ्याच्या उशाशी बसून माझं लग्न ठरवत होती.

सामान हलवणाऱ्यांचं गोदाम दोन रस्ते पलीकडे होतं. टेकू तिथे एका पियानोला गोधडी गुंडाळत होता.

"मी पत्र वाचलं," मी म्हटलं. "चिठ्ठ्यांसाठी नव्हते शिकत. यासाठीच शिकले."

तो गोधडीची गाठ मारत राहिला. मग म्हणाला, "सगळं वाचता आलं?"

"दोन जोडाक्षरं अडली."

"कुठली?"

"ते नंतर. बारावी दाखवा."

त्याची खोली गोदामाच्या मागेच होती. खाट, खुर्ची, आणि कपाटात वरच्या फळीवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी. त्याने ते खाटेवर उलगडलं. तशीच जाड जर्सी, पाठीवर एक. पण ही काखेत उसवलेली नव्हती. समोरून, गळ्यापासून खालपर्यंत सरळ कापलेली होती. कात्री चांगली होती, हे माझ्या डोळ्याने आधी पाहिलं. मग कळलं की ती दवाखान्यातली होती.

"त्याला हलवता येत नव्हतं," टेकू म्हणाला. "कापूनच काढली. मी बाहेर बसलो होतो. त्याची बायको आली आणि म्हणाली, हे म्हणतायत, अदलाबदल राहिली. मी माझी काढून तिच्या हातात दिली. तिने ही दिली... त्यानंतर मी खेळलो नाही."

मी दोन्ही कडा जवळ आणून पाहिल्या.

"कापलेलं जोडलं की खूण राहते," मी म्हटलं. "आणि शिवणीत दोन्हीकडून अर्धं-अर्धं बोट कापड जातं. अंगाला एक बोट घट्ट होईल."

"होऊ दे."

"मग शिवते. पण काचेच्या कपाटात नाही द्यायची."

"नाही द्यायची," तो म्हणाला. मग हळूच विचारलं, "आणि जिन्यातलं...?"

"तिथे उत्तर द्यायच्या आत तुम्ही कपाट घेऊन पळालात."

त्याने त्याच दिवशी पत्र लिहिलं. खाली जागा सोडली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. वाचायला येत होतं, पण लिहायला हात अजून वळत नव्हता. मी एकच अक्षर काढलं. हो. सुंदर आलं नाही. पण तिला वाचता आलं, कारण उलट टपाली आलेल्या पाकिटावर आम्हा दोघांचं नाव होतं.

लग्नानंतर टेकू माझ्या तोंडी 'हे' झाले. मत्सर गेला असं म्हणणार नाही. तो संसारातल्या जुन्या भांड्यासारखा राहिला, पोचे आलेला पण रोज वापरात. निळं पाकीट आलं की हे आधी उघडायचे, मी चहा जरा आपटून ठेवायची, आणि हे म्हणायचे, "मजकूर त्याचा आहे गं." मी म्हणायची, "अक्षर कुणाचं आहे?"

आमचा मुलगा शाळेत जायला लागला, त्या वर्षी तो समोरचा टेकू वारला. महिन्याभराने एक पार्सल आलं. आत यांची जर्सी, पाठीवर तीनचा आकडा असलेली. इतकी वर्षं कुणीतरी तिला इस्त्री करून ठेवलं होतं. उजव्या कुशीत उसवलेलं शिवलंही होतं, आणि टाका माझ्यापेक्षा बारीक होता. मी तो टाका उजेडात धरून बघत बसले. माझ्या नवऱ्याची जर्सी दुसऱ्या बाईच्या हाताखाली इतकी वर्षं... मग तिला ती परत द्यायला किती जड गेलं असेल, ते मनात आलं, आणि मी ती घडी घालून बारावीशेजारी ठेवली.

पण निळी पाकिटं थांबली नाहीत. अक्षर तेच. सांगणारा आता नव्हता, म्हणजे बोलणारीच लिहीत होती. दोन दिवस मी यांच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी यांनी पाकीट माझ्या मशीनवर आणून ठेवलं. "पत्ता वाच," म्हणाले. नाव माझं एकटीचं होतं.

ती मला लिहायची आणि उत्तर यांच्याकडून लिहून घ्यायची मी. सांगणारी मी, लिहिणारे हे. माझ्या टोमण्यांतले अर्धे हे गाळायचे. तिला लिहायचं म्हटलं की माझा हात पुढे होत नसे. तिच्या अक्षरासमोर माझं अक्षर ठेवायची लाज वाटायची, दुसरं काही नाही. पन्नास वर्षं लाज वाटली.

गेल्या वर्षी धाकटीने लग्नाची पन्नाशी केली. त्यानंतर दोन आठवड्यांनी मी कापायच्या टेबलावर कागद घेऊन बसले आणि त्या बाईला पहिलं पत्र माझ्या हाताने लिहिलं. तीन कागद वाया गेले. चौथा पाठवला. त्यात बाकी काही जमलं नाही, एवढंच होतं: ताई, अक्षराला हसू नका. बारावी जर्सी अंगावर होती, एक बोट घट्ट. हे नोव्हेंबरच्या चौदा तारखेला, शनिवारी दुपारी, वारले.